पसरणीचा घाट आणि पाच पिनांचा सेन्सर

वाईहून पाचगणीला शाळेत जायचं म्हणजे रोज पसरणीचा घाट. माझी गाडी डिझेलची, साधारण साडेबाराशे सीसीची, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. कोणत्या वळणाला कोणता गिअर लागतो हे आता पायालाच पाठ आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर जिथे तिसऱ्यावर आरामात चढायची तिथे गाडी दुसरा मागायला लागली, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे पहिल्या दिवशीच कळलं. डॅशबोर्डवर दिवा नाही, काळा धूर नाही, आवाजात फरक नाही. नुसता दम नाही.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. गाडी एकदा फिरवून आणली आणि सांगितलं, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) गेला, ३८ हजार लागतील. कशावरून, असं विचारलं तर "अनुभवावरून मॅडम." मी विज्ञान शिकवते. मोजमाप न करता निष्कर्ष लिहिलेली प्रयोगवही मी नववीच्या मुलांकडूनही घेत नाही. गाडी तशीच परत आणली.

आमच्या वाईतल्या गॅरेजवाल्या दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, धूर किती मारते?" अजिबात नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग टर्बो नंतर बघू. आधी हवा मोजू."

हा धुराचा प्रश्न किती नेमका होता ते मला मागाहून कळलं. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात एअर फ्लो सेन्सर असतो. आत किती वजनाची हवा जाते ते तो मोजतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, कळवतो. धूर होऊ नये म्हणून जेवढी हवा तेवढंच डिझेल, हा ईसीयूचा हिशोब. टर्बोचा पाइप फुटला तर मोजलेली हवा वाटेत गळते, डिझेल मात्र पूर्ण पडतं, म्हणून काळा धूर. सेन्सरच कमी सांगत असेल तर उलटं होतं: हवा भरपूर असूनही ईसीयू डिझेल आखडतं घेतं. धूर नाही आणि ताकदही नाही. माझी गाडी हेच करत होती.

दादांनी स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड एकही नाही. मग लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे आकडे. हवेचा आकडा मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरात एका वेळी किती हवा गेली, असा येतो हे पाहून मला फार आनंद झाला, कारण हे गणित कागदावर करता येतं. सिलिंडर चार, म्हणजे एकाचं आकारमान ३१२ सीसी. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, तिथे लिटरभर हवा साधारण १.०९ ग्रॅम भरते. म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर ३४० मिलिग्रॅम. तो कधीच काठोकाठ भरत नाही, तेव्हा ३००च्या आसपास यायला हवं. स्क्रीनवर होते १९५.

पण दादा लगेच सेन्सरवर गेले नाहीत. ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला तरी ताजी हवा कमी जाते आणि आकडा असाच पडतो. तो त्यांनी खोलून पाहिला. काजळी होती, पण पूर्ण बंद होत होता. काजळी काढून परत बसवला आणि त्याचा प्लग सोडून ठेवला. तरी २००च्या आतच. मग सेन्सरचा मल्टिप्लग (वायरींचा जोड) काढला आणि म्हणाले, "आता घाटाच्या पायथ्यापर्यंत चालवून बघा." इंजिनचा दिवा लागला, आणि गाडी पहिल्याच चढाला तिसऱ्यावर ओढायला लागली! सेन्सरच नाही म्हटल्यावर ईसीयू स्वतःच्या अंदाजाने डिझेल सोडत होतं, आणि तो अंदाज सेन्सरच्या आकड्यापेक्षा खरा होता.

सेन्सर दोन टॉर्क्स (चांदणीच्या खाचेच्या) स्क्रूंवर असतो. बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात धरला. आत नखाएवढी चकती, तिच्यावर तापवलेला पातळ थर. चहावर फुंकर मारली की चहा निवतो, तसा येणाऱ्या हवेने हा थर निवतो; किती निवला त्यावरून हवा मोजायची. त्या थरावर तांबूस धुळीची साय जमली होती. धूळ अंगावर गोधडी घेतल्यासारखी, मग निवणं कमी आणि आकडाही कमी.

धूळ आली कुठून हे मला कळायलाच हवं होतं. फिल्टरचा डबा उघडला. मागच्या सर्व्हिसला टाकलेला स्वस्त फिल्टर एका कोपऱ्यात नीट बसलाच नव्हता. रबरी कडेशेजारी बोटभर लांबीची लाल रेघ स्वच्छ दिसत होती.

आधी सेन्सर क्लीनर मारला. (कार्ब्युरेटर क्लीनर चालत नाही, आणि बोट किंवा कापूस तर मुळीच लावायचा नाही.) सुकवून बसवल्यावर आकडा २१५वर गेला, पुढे हलेना. म्हणून नवीन. मला ४,६०० रुपयांना मिळाला. सहाशे-सातशेतले डुप्लिकेटही दाखवले, दादांनी हातही लावला नाही. डबा पुसून काढला, चांगला फिल्टर घातला, सेन्सरवरचा बाण इंजिनच्या दिशेला आहे ना ते पाहिलं, ओ-रिंगला (रबरी कडीला) पीळ पडू न देता स्क्रू आवळले, मल्टिप्लग लावला, कोड पुसले. बसवायला दहा मिनिटं. आकडा ३०५.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा गाडी तिसऱ्यावरच होती. वर पाचगणीला हवा पाच-सहा टक्के विरळ. तिथे स्टाफरूमसमोर थांबून आकडा पाहिला तर तोही तेवढाच उतरलेला. मला तो क्षण फार आवडला.

जुना सेन्सर मागून घेतला. प्रयोगशाळेत बारा व्होल्टची बॅटरी, मोबाइलच्या चार्जरमधून पाच व्होल्ट आणि सिग्नलच्या पिनेला मल्टिमीटर, अशी जोडणी मुलांनी केली. आधी १ व्होल्ट. एका मुलीने हळूच फुंकर मारली आणि आकडा वर सरकला. "बाई, हा तर चालू आहे!" ती म्हणाली. चालूच होता, म्हणून तर गाडीत दिवा लागला नव्हता. मग नवा सेन्सर काढून आणून शेजारी लावा, असं तिचं म्हणणं पडलं. शनिवारी अर्धी शाळा असते, तेव्हा करणार आहोत.