झिर्कोनियाच्या टिकल्या: भट्टी तीच, पावडर वेगळी

झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड) या सिरॅमिकची पावडर साच्यात दाबून आणि भट्टीत भाजून घट्ट चकत्या, म्हणजे टिकल्या, करायच्या आहेत. यावेळी भट्टीला हात लावला नाही. १४५० अंश सेल्सिअस, दोन तास. डाय (साचा) तीच, दाबही तोच. बदलली ती फक्त पावडर धुण्याची रीत.

मिश्रण नेहमीचं, ३ मोल टक्के इट्रियाचं (इट्रियम ऑक्साइडचं). (इट्रिया अजिबात नसेल तर थंड होताना झिर्कोनियाची स्फटिकरचना टेट्रागोनलची मोनोक्लिनिक होते, आकारमान चार-पाच टक्के फुगतं आणि भट्टीतून टिकलीऐवजी तुकडे निघतात.) झिर्कोनियम ऑक्सिक्लोराइड आणि इट्रियम नायट्रेट एकत्र विरघळवून अमोनियाने अवक्षेप पाडला. मग क्लोराइड जाईस्तोवर धुणं. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून दुधी होतंय का ते पाहायचं, पण त्याआधी नायट्रिक आम्ल घालून ते पाणी आम्लधर्मी करून घ्या. नाहीतर उरलेला अमोनिया सिल्व्हर क्लोराइडला विरघळवतो आणि पाणी स्वच्छ असल्याचा भास होतो.

इथून अवक्षेपाचे दोन भाग केले. पहिला तसाच ओव्हनमध्ये वाळवला, दुसरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन मग वाळवला. पहिल्याचे काचेसारखे कडक खडे झाले. दुसरा मात्र पिठासारखा, बोटाने चुरगळणारा. पाणी उडताना त्याच्या पृष्ठताणाने कण एकमेकांवर ओढले जातात, आणि तापवल्यावर शेजारच्या कणांवरचे हायड्रॉक्सिल गट पाणी सोडून पक्का ऑक्सिजन-पूल बांधतात. अल्कोहोलमध्ये ताण कमी, शिवाय ते गटही बरेचसे झाकले जातात.

दोन्ही ७०० अंशांवर भाजून, खलात घोटून, दाबून भट्टीत घातले. आर्किमिडीज पद्धतीने (हवेत आणि पाण्यात वजन करून) घनता, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये: पहिल्याची ५.३ च्या आसपास, दुसऱ्याची ५.९. सैद्धांतिक घनता (एकही छिद्र नसेल तेव्हाची) साधारण ६.१ धरा. (सच्छिद्र टिकली आधी पाण्यात उकळून छिद्रं भरून घ्यायची.)

पहिल्या टिकलीच्या कापावर भिंग धरलं तर गुठळ्यांभोवती चंद्रकोरीसारख्या फटी दिसतात. गुठळीच्या आत कण आधीच दाटीने बसलेले, त्यामुळे ती लवकर आकसते आणि भोवतालच्या सैल पावडरीपासून सुटते. एवढी मोठी फट नंतर सहजी बुजत नाही. तापमान वाढवून ती बुजवायला जाणं मला पटत नाही. त्याने दाणे (टिकलीतले बारीक स्फटिक) वाढतात, आणि दाणे फार मोठे झाले की टेट्रागोनल अवस्था टिकत नाही.

आता तेच कडक खडे अल्कोहोलमध्ये, झिर्कोनियाच्याच गोळ्यांसोबत बॉल मिलला (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या भांड्याला) लावलेत. अ‍ॅल्युमिनाच्या गोळ्या मुद्दाम टाळल्या, त्या झिजून पावडरीत उतरतात.