वीस सेंटांचं हॉस्पिटल

अमेरिकेतली ओहायो नदी लुइव्हिल शहरापाशी येऊन अडखळते. पिट्सबर्गपासून मिसिसिपीला मिळेपर्यंत तिच्या वाटेतला खरा अडथळा हा एकच. दोनेक मैलांत नदी चुनखडीच्या कातळांवरून २६ फूट खाली उतरते. पूर्वी नावा आणि आगबोटी इथे थांबत, माल उतरवून गाड्यांतून पलीकडे नेत आणि धबधब्याखाली पुन्हा चढवत. १८३० मध्ये बगल देणारा कालवा झाला, तरी थांबा सुटला नाही. खालच्या अंगाला पोर्टलंड नावाची वस्ती वाढली. आज ती लुइव्हिल शहराचाच भाग आहे.

जिथे माल उतरतो तिथे आजारी माणसंही उतरवली जातात, आणि मला त्यांचाच माग काढायचा होता.

माझे आजोबा आगबोटीवर आगवाले होते. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा मारायचे. उजव्या दंडावर कोपरापासून खांद्यापर्यंत भाजल्याचा चुणीदार डाग होता. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "मला एका बंदरात उतरवून ठेवलं." बस, एवढंच. कोणत्या बंदरात, किती दिवस, कोणी पाणी दिलं, काही नाही. हे 'उतरवून ठेवलं' माझ्या डोक्यात घर करून बसलं. गावापासून हजारो मैलांवर तापाने फणफणलेला खलाशी धक्क्यावर ठेवून बोट निघून जाते, तेव्हा तो माणूस कोणाचा?

अमेरिकेच्या सरकारने या प्रश्नाचं उत्तर फार लवकर दिलं, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. १६ जुलै १७९८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी आजारी आणि अपंग खलाशांसाठीच्या कायद्यावर सही केली. राज्यघटना लागू होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती. परदेशातून आलेल्या जहाजाच्या कप्तानाने बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याला खलाशांचा हिशेब द्यायचा आणि प्रत्येकामागे महिन्याला २० सेंट भरायचे. हे पैसे खलाशाच्या पगारातून कापून घ्यायचे. खोटा हिशेब दिला तर १०० डॉलर दंड. किनाऱ्या-किनाऱ्याने व्यापार करणाऱ्या जहाजांनाही तीच कपात. जमलेल्या पैशांतून बंदरांवर औषधपाणी, आणि पुढे हॉस्पिटलं.

कल्पना काही त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये १६९६ पासून व्यापारी खलाशांच्या पगारातून महिन्याला ६ पेन्स ग्रिनिचच्या नौदल रुग्णालयासाठी कापले जात. पुढे अमेरिकन वसाहतींतल्या खलाशांनाही ते भरावे लागले, आणि रुग्णालय मात्र समुद्रापार. वसाहतींनी स्वातंत्र्य मिळवल्यावर निदान हा पैसा आपल्या बंदरांत राहू लागला. तरी एक गोष्ट मला टोचते. सरकारने जबाबदारी घेतली खरी, पण खर्च खलाशाच्याच खिशातून. पैसे पुरत नसत तेव्हा बऱ्या न होणाऱ्या, लांबलेल्या दुखण्याच्या माणसांना आत घेत नसत. ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर.

डाउनटाउनमधून पश्चिमेकडे बसने निघाले. विटांची जुनी घरं, काहींच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, काहींच्या ओसरीत झुलत्या खुर्च्या. आणि मग मोठ्या हिरवळीवर एकदम मरीन हॉस्पिटलची, म्हणजे खलाशांच्या हॉस्पिटलची, इमारत. तीन मजली, विटांची, भक्कम दगडी पायावर उभी, छपरावर छोटा मनोरा आणि नदीकडे तोंड केलेले लांबच लांब सज्जे.

नकाशा रॉबर्ट मिल्सचा. वॉशिंग्टनमधला प्रसिद्ध स्मारकस्तंभ ज्याच्या आराखड्यातून उभा राहिला, तोच हा. १८३७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नद्यांवरच्या खलाशांसाठी हॉस्पिटलं उभारायचं मनावर घेतलं आणि मिल्सने त्यांचा आराखडा केला. लुइव्हिलचं काम १८४५ मध्ये सुरू होऊन १८५२ मध्ये संपलं.

मी सज्जांखाली बराच वेळ उभी राहिले. आत जाता येत नव्हतं, पण बाहेरूनही समजत होतं. त्या काळी रोग कुजक्या हवेने होतो असं मानत, म्हणून मिल्सने हवा खेळती ठेवण्यासाठी जिवाचा आटापिटा केला. खाट खोलीत आणि चार पावलांवर सज्जा, नदीचा वारा. कारण चुकीचं होतं, पण भाजलेल्या, हिवतापाने थरथरणाऱ्या माणसाला तो वारा खराच लाभला असणार. आगबोटींची बॉयलरं फुटत तेव्हा वाफेने सोलवटलेली माणसं आणली जात. पटकी आणि पीतज्वरही नदीनेच वर येत. सज्ज्यात बसलेल्या माणसाला समोर पाणी दिसायचं, ज्या बोटीने त्याला टाकलं तिच्यासारख्याच बोटी जाता-येता दिसायच्या. आता मध्ये महामार्ग आहे. ट्रकांची घरघर थांबत नाही.

कुंपणापाशी कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींनी विचारलं, "तुमचं कोणी इथे होतं का?" मी आजोबांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे इथे नव्हते, पण असायला हवे होते." एवढं बोलून त्या पुढे गेल्या. मी तिथेच थांबले.

यादवी युद्धात इथे उत्तरेकडच्या सैनिकांवर उपचार झाले, नंतर काही वर्षं जोगिणींनी हॉस्पिटल चालवलं, १८७५ मध्ये ते पुन्हा खलाशांचं झालं. १९३३ मध्ये मागे नवी इमारत आली आणि ही बंद पडली. तरी हिचं नशीब चांगलं. आर्कान्सा राज्यातल्या नेपोलियन गावी याच योजनेतलं हॉस्पिटल मिसिसिपीच्या अगदी काठावर बांधलं होतं. नदी काठ खात आली आणि १८६८ मध्ये ते पाण्यात कोसळलं. पुढे गावही गेलं.

युद्धानंतर सगळाच कारभार खिळखिळा झाला होता. डॉक्टरांच्या नेमणुका वशिल्याने होत. १८७० मध्ये काँग्रेसने या सगळ्या हॉस्पिटलांसाठी मध्यवर्ती कार्यालय केलं, कपात २० वरून ४० सेंट केली. पुढच्या वर्षी जॉन वुडवर्थ त्याचे प्रमुख झाले. यादवी युद्धात ते उत्तरेचे सेनापती जनरल शर्मन यांच्या सैन्यात सर्जन होते. त्यांनी डॉक्टरांना परीक्षा लावली, गणवेश दिला आणि हुकूम येईल त्या बंदरात जायला लावलं. त्यांचंच पद आज सर्जन जनरल, म्हणजे देशाच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा प्रमुख, म्हणून ओळखलं जातं. कपात १८८४ मध्ये थांबली आणि तिची जागा जहाजांच्या वजनमापावरच्या कराने घेतली. म्हणजे ८६ वर्षं खलाशी आपला विमा आपणच भरत होता.

त्याच खलाशांच्या, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधल्या हॉस्पिटलात १८८७ मध्ये एका खोलीत प्रयोगशाळा सुरू झाली. जोसेफ किन्यून हा तरुण डॉक्टर आणि एक सूक्ष्मदर्शक. न्यूयॉर्कला आलेल्या जहाजावरच्या रोग्यांमध्ये त्याने पटकीचे जंतू शोधून दाखवले. ती खोली वाढत वाढत आजची राष्ट्रीय आरोग्य संस्था झाली. १९१२ मध्ये खात्याच्या नावातून खलाशी वगळला गेला आणि फक्त सार्वजनिक आरोग्य सेवा उरली. तिच्या चिन्हात मात्र नांगर अजून आहे.

१९८१ मध्ये खर्चकपातीत सगळंच संपवलं. व्यापारी खलाशाचा मोफत उपचाराचा हक्क गेला, उरलीसुरली हॉस्पिटलं बंद केली किंवा दुसऱ्यांच्या हवाली केली. मला याचा राग येतो. १८३ वर्षं पाळलेला शब्द अंदाजपत्रकाच्या एका कायद्यात मोडला.

लुइव्हिलनंतर मी सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तिथल्या प्रेसिडिओ या जुन्या लष्करी तळावर १९३२ ची मरीन हॉस्पिटलची इमारत आता भाड्याच्या फ्लॅटची आहे. ज्या खिडक्यांमागे खाटा होत्या तिथे कुंड्या ठेवल्यात. मागच्या बाजूने वाट वर जाते. तिथे खलाशांचं कब्रस्तान आहे, पाचशेहून अधिक माणसं. वर पुढच्या काळात भराव टाकला गेला, त्यामुळे एकही दगड दिसत नाही, फक्त वाळू आणि तिच्यावर लावलेली किनाऱ्याची झुडपं.

धुकं आत आलं होतं. खाडीच्या तोंडाशी भोंगा वाजत होता, सावकाश, ठरावीक अंतराने. मी आजोबांचं नाव एकदा मोठ्याने घेतलं. मग बसची वेळ झाली म्हणून खाली उतरले.