आमची वाटचाल : घर कसब्यात, काम वाईजवळ

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम आमच्या घरात सासऱ्यांपासून आलं. ते पुण्याच्या कसबा पेठेतले सुतार. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि मुठेच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बसले, तेव्हा ते नुकते हाताखाली काम शिकत होते. पडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब उपसता उपसता सागवान हाताला कळायला लागलं, असं ते सांगायचे. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून या घरात आले, पुढे चुन्याचं काम शिकले आणि आम्ही नवरा-बायकोनं फर्म काढली. लाकूड त्याच्याकडे, चुना माझ्याकडे.

पुण्यातली कामं होती तोवर संध्याकाळी घरी येता यायचं. मग वाईजवळच्या एका वाड्याचं काम मिळालं. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यामुळे हा कृष्णाकाठ सगळ्यांना ठाऊक आहे, पण आसपासच्या गावांतही जुने वाडे उभे आहेत. काम मनासारखं होतं. अडचण एकच, खंबाटकी घाट ओलांडून रोज ये-जा करत ते होण्यासारखं नव्हतं.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि तोवर त्याला ओल लागते. गिलावा झाला की भिंतीवर गोणपाट टांगायचं आणि ते भिजतं ठेवायचं. उन्हात भरभर सुकला की बारीक चिरा पडतात. सिमेंट लावून लवकर मोकळं का होत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. बारीक विटांच्या जुन्या भिंतीला सिमेंट लावलं की आतल्या ओलीची बाहेर पडायची वाट बंद होते, क्षार फुटतात, वीट भुसभुशीत होते. ते आम्ही करणार नाही. मग बदलायचं ते कामाच्या आखणीतच.

पहिला नियम सासूबाईंनी घातला. "पोरीचं खाणंपिणं मी बघते, पण आई नाहीतर बाप, रात्री एक तरी घरात पाहिजे." म्हणून लाकूडकाम आम्ही पुण्यात ओढलं. तुळईचं किडलेलं टोक असो की तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, टेकणारा खांबाचा कुजलेला बुंधा, साइटवर मापं घ्यायची, प्लायवुडचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, काढायचा, कसब्यातल्या कारखान्यात सांधा तासून कोरडी जुळणी करायची आणि मगच टेम्पोत चढवायचं. वाईत उरतं फक्त बसवणं. पावसाळ्यात गिलावा बंदच असतो, तेव्हा तर सगळी टीम कारखान्यात.

चुना असा उचलून आणता येत नाही. त्यासाठी गावातल्याच बायकांना तयार केलं. त्यातल्या एका मावशींचा कान माझ्यापेक्षा तयार झालाय. गिलावा कुठे भिंतीपासून सुटलाय ते ऐकायला बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करत त्या कोपऱ्यापासून निघतात, आवाज बदलला की थांबतात, कोळशाची खूण करतात. रात्री फोन येतो, "ताई, खिडकीच्या बगलेला पोकळ वाजतंय. बाकी समदं ब्येस हाय." तेवढं ऐकलं की मी लेकीच्या शेजारी निवांत बसू शकते.

आमच्या गवंड्यांनाही घरं आहेत. शनिवारी त्यांना पुण्याला निघता यावं म्हणून नवा थर गुरुवारनंतर चढवत नाही. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे तिथली मोठी जत्रा, असते, त्या आठवड्यात तर गिलाव्याला हातच लावत नाही. अख्खा गाव बगाडाला जाताना चार बायकांना पाणी मारायला थांबवायचं, हे मला पटत नाही.

या सगळ्याला पैसा लागतो. पाणी मारायची हजेरी आम्ही अंदाजपत्रकात वेगळी दाखवतो. एका मालकांनी ती ओळ काढायला सांगितली, तेव्हा आम्ही काम सोडलं. वर्षाच्या हिशेबात ते चांगलंच जाणवलं, तरी पुन्हा तेच करू.

यंदा लेकीची दहावी आहे. माडीचा गिलावा तिचे पेपर संपल्यावर सुरू करायचा, असं वाईच्या मालकांशी बोलणं झालंय. तेव्हा ऊन कडक असेल, गोणपाट जास्त वेळा भिजवावं लागेल. मावशींची वाढीव हजेरी आत्ताच धरून ठेवली आहे.