ऑपरेशन रद्द कोणी केलं? डिपॉझिट परत मिळवतानाचा माझा अनुभव

आईच्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट ठरलं होतं. पॅकेजची जवळजवळ सगळी रक्कम आगाऊ भरली होती, थोडी कार्डवर आणि बाकी बँकेतून. ॲडमिट झाल्यावर भूलतज्ज्ञांनी तपासलं. साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी नऊच्या वर आणि पायाच्या बोटांमध्ये चिघळलेली जखम. त्यांनी तिथल्या तिथे नकार दिला. निर्णय योग्यच होता. कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग गेला तर अनेकदा तो सांधाच काढावा लागतो. शिवाय एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ती आठवड्यात खाली येत नाही. त्यामुळे डॉक्टरांवर राग नव्हताच. डोकेदुखी सुरू झाली ती बिलिंग काउंटरवर.

"मॅडम, ऑपरेशन कॅन्सल नाही झालेलं, पोस्टपोन झालंय. पैसे जमा राहू द्या, पुढच्या तारखेला ॲडजस्ट होतील." ऐकायला सोयीचं वाटतं. पण आम्ही फॉर्म भरताना दिलेल्या अटी मी तिथेच उभ्याउभ्या वाचल्या. रुग्णाने स्वतःहून ऑपरेशन रद्द केलं तर पॅकेजच्या वीस टक्के कपात. म्हणजे आज 'पोस्टपोन'ला मान डोलवायची आणि महिन्याभराने पैसे मागायला गेलं की ते म्हणणार, आता तुम्हीच रद्द करताय! मेख इथे होती.

म्हणून आधी केस पेपरची प्रत मागितली. डिस्चार्ज समरीत नुसतं 'सर्जरी डिफर्ड', म्हणजे पुढे ढकलली, एवढंच लिहिलं होतं, कोणी आणि का ते नाही. भूलतज्ज्ञांच्या तपासणीच्या कागदावर मात्र त्यांच्याच अक्षरात 'अनफिट', खाली कारण, तारीख, वेळ आणि सही. तो कागद द्यायला रेकॉर्डवाल्यांनी बरीच टाळाटाळ केली. "समरी दिलीय ना, पुरे की." मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, मग मिळाला. पुढचं सगळं भांडण त्या एका कागदावर चाललं.

मग कपातीचा तपशील मागितला. आधी आला तो एकच आकडा, 'प्रशासकीय व इतर'. तुकडे करून मागितल्यावर खोलीभाडं, तपासण्या, भूलतज्ज्ञांची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर) बुकिंग आणि इम्प्लांट, म्हणजे बसवायचा कृत्रिम सांधा, असं निघालं. खोली वापरली, तपासण्या झाल्या, त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. रिपोर्ट मात्र सगळे मागून घेतले, पैसे दिलेत तर ते आपले. ओटी बुकिंगवर मी भूलतज्ज्ञांचा कागद पुढे केला. टेबल रिकामं राहिलं ते तुमच्याच डॉक्टरांच्या निर्णयामुळे, आमच्या नाही.

इम्प्लांटचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण तिथे बरेच जण गप्प बसतात. "तुमच्यासाठी खास मागवलं होतं," असं सांगितलं गेलं. नेहमीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नेमका कोणता साइज बसणार हे टेबलावर ट्रायलचे, म्हणजे मापाचे तात्पुरते, तुकडे घालून पक्कं होतं, म्हणून पुरवठादार सहसा वेगवेगळ्या साइजचा अख्खा संच पाठवतो आणि न उघडलेली पाकिटं परत नेतो. जे वापरलं जातं त्याच्या पाकिटावरचे स्टिकर, साइज आणि लॉट नंबरसकट, रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवतात. मी एवढंच विचारलं, "स्टिकर दाखवा, नाहीतर पुरवठादाराचं आईच्या नावाचं बिल दाखवा." समोरचे गृहस्थ आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात इम्प्लांटची ओळ नव्हती. (रुग्णाच्या मापाने बनवून घेतलेलं इम्प्लांट असेल तर गोष्ट वेगळी, तो खर्च खरोखर झालेला असतो.)

उरलेल्या रकमेसाठी 'प्रोसेसमध्ये आहे' हे पालुपद सुरू झालं. फोनवर बोलणं मी बंद केलं. तक्रार निवारण अधिकाऱ्यांना एक मेल, त्यात मागणीची रक्कम, भूलतज्ज्ञांचा कागद, अटींचं ते पान आणि उत्तरासाठी मुदत. कार्डवर भरलेल्या भागासाठी बँकेकडे 'सेवा मिळाली नाही' म्हणून डिस्प्यूट टाकायची तयारीही ठेवली आणि मेलमध्ये तसं लिहिलं. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला सर्वसाधारणपणे १२० दिवसांची मुदत असते, त्यामुळे 'जरा थांबा' म्हणणाऱ्यांच्या भरवशावर ती घालवणं परवडत नाही. मेलनंतर मात्र चक्रं फिरली. कार्डचे पैसे कार्डवर आले, बाकीचे खात्यात.

पैसे सोडण्याआधी एक पावती सहीसाठी पुढे आली होती. 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे कोणतीही तक्रार नाही.' भूलतज्ज्ञांच्या फीचा वाद मिटला नव्हता. तपासणीची फी मला मान्य होती, पण त्यांनी भूल दिल्याची फी लावली होती, न दिलेल्या भुलेची! मी पावतीवरची 'तक्रार नाही' ही ओळ खोडली, शेजारी 'भूलतज्ज्ञांच्या फीबाबत हक्क राखून' असं लिहून सही केली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, असं चालत नाही. मी म्हटलं, वरिष्ठांना विचारून या. चाललं. त्या फीचा फरक अजून यायचाय. आईची साखर उतरतेय, जखम भरलीय, ऑपरेशन दुसरीकडे करायचं ठरलंय आणि तिथला फॉर्म मी आधीच घरी आणलाय.