सल्ला की सक्ती: सदोष पार्ट सापडल्यावर पुढे काय होतं

अहमदाबादला एअर इंडियाचं बोईंग ७८७ पडलं, त्या अपघाताचा प्राथमिक अहवाल १२ जुलै २०२५ ला आला आणि तेव्हापासून सगळी चर्चा कॉकपिटमधल्या दोन वाक्यांवरच अडकून बसलीये, इंजिनाच्या इंधनाचे स्विच कोणी बंद केले, का केले. त्यावर मला काहीच बोलायचं नाहीये, ते काम तपास करणाऱ्यांचं आहे आणि गेलेल्या माणसांबद्दल घरबसल्या अंदाज बांधणं मला अजिबात बरोबर वाटत नाही. पण त्याच १५ पानी अहवालात एक छोटा परिच्छेद आहे, तो वाचून मी थांबले, परत वाचला, आणि नंतर त्याच्यामागचे कागद शोधत बसले. त्याबद्दल लिहायचंय.

झालं असं की १७ डिसेंबर २०१८ ला अमेरिकेच्या विमान नियामकानं, म्हणजे एफएएनं, एक बुलेटिन काढलं होतं, नंबर एनएम-१८-३३. बोईंग ७३७ च्या काही विमानांत इंजिनाचं इंधन चालू-बंद करणाऱ्या स्विचचं लॉक मोकळंच बसवलेलं आढळलं होतं. हा स्विच साधा खटका नसतो, आधी वर उचलायचा आणि मग सरकवायचा, म्हणजे हात लागून चुकून हलू नये. लॉक मोकळं असेल तर तो न उचलताच सरकतो. ७८७ मध्येही याच प्रकारचे स्विच, म्हणून बुलेटिनमध्ये त्या मॉडेलचंही नाव. एफएएनं म्हटलं, तपासून घ्या. पण हा दोष विमान असुरक्षित म्हणण्याइतका मोठा नाही असं ठरवून त्यांनी सक्तीचा आदेश काढला नाही, नुसता सल्ला दिला. आणि एअर इंडियानं तपास अधिकाऱ्यांना सांगितलं की सल्ला होता, बंधनकारक नव्हता, म्हणून ती तपासणी आम्ही केली नाही.

आता नीट वाचा, कारण यातलं अर्धंच उचलून फॉरवर्ड होतं. अपघात या स्विचच्या दोषामुळे झाला असं अहवाल म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. उलट त्यात हेही लिहिलंय की त्या विमानाचं थ्रॉटल कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे हे स्विच ज्यात बसवलेले असतात तो भाग, २०१९ आणि २०२३ मध्ये बदललं होतं, ते दुसऱ्या कारणानं, आणि २०२३ नंतर स्विचची एकही तक्रार नोंदलेली नाही. अपघातानंतर १४ जुलैला आपल्या विमान नियामकानं, डीजीसीएनं, आदेश काढला की सगळ्या कंपन्यांनी २१ जुलैच्या आत हे स्विच तपासा. एअर इंडियानं तपासले, काही दोष निघाला नाही.

मला बोचतं ते पुढचं. जे काम एका आठवड्यात झालं ते आधीची साडेसहा वर्षं केलं नाही तरी चालत होतं, आणि केलं नाही तर का केलं नाही हे कोणालाही लिहून द्यावं लागत नव्हतं. दोष निघाला नाही हे छानच झालं, पण ते तपासल्यावर कळलं ना!

मी विमानांतली तज्ज्ञ नाही. वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) व्हॉल्व्ह बनवणाऱ्या युनिटमध्ये माझं बरंचसं आयुष्य क्वालिटीत गेलं, रिफायनऱ्यांना माल जायचा. तिथे प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे धातूच्या कोणत्या खेपेतून ते ओतलं त्याचा नंबर असतो, त्या नंबरचं टेस्ट सर्टिफिकेट असतं, आणि फाउंड्रीकडून एक ओळ जरी आली की अमुक हीटबद्दल शंका आहे, तर तो सगळा लॉट लाल टॅग लावून बाजूला, गेलेला माल कुठे गेला त्याची यादी, आणि गिऱ्हाइकाला लेखी पत्र. सुपरवायझर कितीही म्हणू दे 'चालशे ने बेन' (चालेल हो ताई), लाल टॅग काढायचा तर खाली कोणाची तरी सही लागते आणि कारण लागतं. वर्षानुवर्षं हे केल्यामुळे मला कागदाकडे तुच्छतेनं बघता येत नाही. पार्टबरोबर कागद चालतो म्हणूनच आपण त्या पार्टवर विश्वास ठेवतो.

विमानातही साखळी अशीच आहे, फक्त लांब. पायलटला काही खटकलं की टेक लॉगमध्ये स्नॅग, म्हणजे दोष लिहितो, लायसन्सवाला एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचा इंजिनियर तो बघतो, दुरुस्त करून सही करतो, नाहीतर कोणता दोष ठेवून विमान काही दिवस उडवता येतं त्या एमईएल नावाच्या यादीत बसत असेल तर मुदतीवर पुढे ढकलतो, काही गोष्टींना ३ दिवस, काहींना १०, अगदी किरकोळ असेल तर १२०. तोच दोष ठिकठिकाणी दिसायला लागला की विमान बनवणारी कंपनी सर्व्हिस बुलेटिन काढते. आणि ज्या देशात ते विमान डिझाईन झालं तिथल्या नियामकाला धोका खरा वाटला तर तो एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह काढतो, सगळे त्याला एडी म्हणतात. एडीत मॉडेल असतं, कोणत्या विमानांना लागू ते असतं, काय करायचं ते असतं आणि मुदत असते, मुदत संपली आणि काम झालं नाही तर ते विमान कायद्यानं उडू शकत नाही. डीजीसीए ते आपल्याकडच्या विमानांना लागू करतं. बुलेटिन आणि एडी दोन्ही एकाच दोषाबद्दल असू शकतात, फरक एवढाच की एडीला उत्तर द्यावंच लागतं आणि बुलेटिनला नाही.

एडी निघाली की काय होतं ते आपण सगळ्यांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पाहिलं. ३० ऑक्टोबरला जेटब्लूचं एक ए३२० कॅनकूनहून न्यूअर्कला जाताना अचानक नाक खाली करून घसरलं, लोक जखमी झाले. ईएलएसी नावाचा एक कंप्युटर आहे, तो विमानाची मागची आणि पंखांवरची झडपं हलवतो, त्याच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये तीव्र सौर किरणांमुळे डेटा बिघडू शकतो असं एअरबसनं काढलं. २८ नोव्हेंबरला इशारा, लगेच युरोपच्या नियामकाची, ईएएसएची, इमर्जन्सी एडी, जगभरात सुमारे ६,००० विमानं. भारतात ३३८. आणि शनिवार-रविवारमध्ये आपल्या कंपन्यांनी काम जवळपास उरकलं, बहुतेक विमानांत जुनं सॉफ्टवेअर परत टाकायचं होतं, दोन-तीन तासांचं काम. फ्लाइट उशिरा झाल्या म्हणून लोक एअरपोर्टवर ओरडत होते, मला मात्र त्या दिवसांत आपल्या इंजिनियर लोकांचा खरोखर अभिमान वाटला. एवढ्या तातडीनं काम होऊ शकतं, हे आता कोणी नाकारू शकत नाही.

आणि सल्ल्यावर सोडलं तर काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, डीसी-१० च्या कार्गो दरवाजाचं. हे मला प्रत्येक वेळी वाचताना त्रास होतो. १२ जून १९७२, अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१०, कॅनडात विंडसर गावाच्या वर असताना मागचा कार्गो दरवाजा निघून उडाला, खालची हवा एकदम बाहेर गेल्यामुळे वरच्या केबिनची जमीन खचली आणि तिच्यातून जाणाऱ्या कंट्रोलच्या केबल अडकल्या-तुटल्या, तरी कॅप्टननं विमान डेट्रॉइटला उतरवलं, ६७ माणसं होती, सगळी वाचली. म्हणजे देवानं सूचना दिली म्हणतात तसंच. कारणही लगेच सापडलं: दरवाजाच्या कड्या पूर्ण बसल्या नसल्या तरी जोर लावला की बाहेरचा हँडल बंद व्हायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं दरवाजा लागला. तपास करणाऱ्या एनटीएसबीनं शिफारस केली, दरवाजा असा करा की कड्या बसल्याशिवाय हँडल बंदच होणार नाही, आणि केबिनच्या जमिनीला हवा जायला वाट ठेवा. एफएएच्या लॉस एंजेलिसच्या ऑफिसनं एडीची तयारीही केली होती. आणि मग एफएएचे प्रमुख आणि डीसी-१० बनवणाऱ्या डग्लस कंपनीचे प्रमुख यांचं फोनवर बोलणं झालं, ठरलं की एडी नको, कंपनी आपणहून सर्व्हिस बुलेटिन काढेल, लोकांनी पुढे त्याला जंटलमन्स ॲग्रीमेंट नाव दिलं. त्याच महिन्यात विमानाचा सांगाडा बनवणाऱ्या कॉन्व्हेअरच्या डॅन ॲपलगेट या इंजिनियरनं आपल्या वरिष्ठांना लिहून दिलं होतं की हे दरवाजे पुढे कधीतरी उघडणारच आणि उघडले तर बहुधा विमान जाईल. ते पत्र ऑफिसातच राहिलं.

तेव्हा एक डीसी-१० अजून कारखान्यातच होतं, नंतर ते तुर्की एअरलाइन्सला गेलं. त्याच्या कागदांवर दरवाजातली सुधारणा पूर्ण झाल्याची नोंद होती, इन्स्पेक्टर लोकांचे शिक्के होते. काम झालेलंच नव्हतं. ३ मार्च १९७४ ला पॅरिसहून निघाल्यावर थोड्याच वेळात दरवाजा उडाला, जमीन खचली, केबल गेल्या, सगळं विंडसरसारखंच, आणि ते एर्मनोनव्हिलच्या जंगलात पडलं. ३४६ माणसं गेली. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर दरवाजा लावणाऱ्या कामगाराला आधी दोष दिला गेला, त्याला दरवाजावरच्या इंग्रजी आणि तुर्की सूचना वाचता येत नव्हत्या म्हणून. ज्या माणसांना दोष माहीत होता ते ऑफिसात होते, आणि बोट दाखवलं गेलं विमानापाशी उभ्या असलेल्या हमालाकडे, यावर मला आजही राग येतो. सक्तीचे आदेश त्यानंतर निघाले.

शिक्का मारणाऱ्यांपैकी मी पण एक होते, म्हणून ती शिक्क्यांची गोष्ट मला जास्त लागते. आणि ती जुनी म्हणून सोडून देता येत नाही. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ चा डोअर प्लग, म्हणजे न वापरलेल्या दरवाजाची जागा बंद करणारा तुकडा, सुमारे १५,००० फुटांवर निघून गेला, कारण त्याचे चार बोल्ट कारखान्यातून निघतानाच नव्हते, रिव्हेट दुरुस्त करायला तो प्लग उघडला होता आणि उघडल्याची नोंदच कुठे नव्हती. शेजारच्या दोन सीट रिकाम्या होत्या. दुसऱ्याच दिवशी एफएएनं तशी १७१ विमानं जमिनीवर बसवली. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या एओजी टेक्निक्स नावाच्या कंपनीनं खोटी सर्टिफिकेटं जोडून सीएफएम५६ इंजिनांचे पार्ट विकल्याचं बाहेर आलं, हे इंजिन जुन्या ७३७ आणि ए३२० वर सगळीकडे आहे. ते पकडलं गेलं कारण पोर्तुगालच्या टीएपी या विमान कंपनीतल्या कोणाला तरी एक कागद खटकला आणि त्यानं मूळ कंपनीला विचारलं, हा तुमचाच का? एवढंच केलं त्यानं! क्वालिटीत काम केलेल्या माणसाला त्याची किंमत कळेल.

डीजीसीए काहीच करत नाही असंही नाही हं, ते म्हणणं अन्यायाचं होईल. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या वेळी १२ मार्च २०१८ ला त्यांनी इंडिगो आणि गोएअरची ११ ए३२० निओ विमानं एका फटक्यात थांबवली होती, आणि १ नोव्हेंबर २०१९ ला इंडिगोला सांगितलं की तुमच्या ९७ निओंची इंजिनं ३१ जानेवारी २०२० पर्यंत सुधारित करा नाहीतर उडवू नका. ती मुदत पुढे वाढवावी लागली, पण मुदत होती, आणि ती का वाढली तेही सगळ्यांना माहीत होतं. मला असंच हवंय. अडचण अशी की माणसंच कमी आहेत, संसदेच्या समितीनंच २०२५ मध्ये सांगितलं की डीजीसीएची जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत. अहमदाबादनंतर जून २०२५ मध्ये त्यांनी मुंबई-दिल्लीला जी मोठी तपासणी केली त्यात निघालं की काही विमानांत लिहिलेला दोष दुरुस्त म्हणून बंद केला जातो आणि तोच परत परत येतो. तपासायला माणूस गेला म्हणून दिसलं हे.

वडोदऱ्यात हा विषय घराघरात आहे. दांडियाबाजारात, रावपुऱ्यात कोणाचं ना कोणाचं लंडन-लेस्टरला असतंच आणि तिकडे जायचं म्हणजे एक्सप्रेस वे धरून अहमदाबाद. माझी भाची शिकायला चाललीये, तिनं मला फोन करून विचारलं, "मावशी, तू सांग, ७८७ असेल तर तिकीट बदलू का?" मी म्हटलं, नको गं बदलूस, विमान प्रवास आजही रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, एक्सप्रेस वेवर बेल्ट लाव म्हणजे झालं. तिला धीर द्यायला नव्हे, मला खरंच तसं वाटतं. पण तिनं पुढे विचारलं की मग त्या विमानाचं सगळं तपासलेलं असतं हे आपल्याला कळतं कुठे, आणि याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सक्तीचं असेल ते झालेलं असतं. सल्ल्याचं काय झालं ते प्रवाशाला कळायची सोय नाही.

प्रत्येक सल्ल्याची एडी करा असं मी म्हणणार नाही, तसं केलं तर एएमई बिचारा कागदातच बुडेल आणि महत्त्वाचं राहून जाईल. माझं मागणं साधं आहे. परदेशी नियामकाचा सुरक्षेबद्दल सल्ला आला की आपल्या प्रत्येक कंपनीनं ठराविक मुदतीत डीजीसीएला लेखी कळवावं, केलं, किंवा केलं नाही आणि हे कारण, खाली जबाबदार माणसाची सही. आणि ती यादी डीजीसीएच्या साइटवर सगळ्यांना दिसावी. मकरपुऱ्यातलं छोटं युनिट गिऱ्हाइकाला हे देऊ शकतं तर विमान कंपन्यांना जड नाही.

म्हणून डीजीसीएकडे आरटीआय अर्ज टाकतेय, ऑनलाइन होतो, १० रुपये फी. प्रश्न लिहून काढलेत: २०१८ पासून परदेशी नियामकांचे सल्ल्याच्या स्वरूपातले असे किती बुलेटिन भारतातल्या विमानांना लागू होते, त्यांची नोंद कोणाकडे ठेवली जाते, त्यातल्या कितींवर कंपन्यांनी काम केलं असं कळवलं, आणि न करण्याचं कारण लेखी मागायचा काही नियम आहे का. वाचणाऱ्यांत कोणी एएमई असेल किंवा कंपनीच्या कंटिन्यूइंग एअरवर्दीनेस विभागात काम केलेलं असेल तर हे प्रश्न एकदा बघा आणि शब्द कुठे बदलायला हवेत ते सांगा, कारण ढोबळ विचारलं की 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. पुढच्या सोमवारी अर्ज पाठवणार आहे, त्याच्या आधी सांगितलंत तर बरं.