आर्कमधली उष्णता चुंबकाला जुमानत नाही तेव्हा

आर्कच्या, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमधल्या वायूतून वाहणाऱ्या विजेच्या तप्त झोताच्या, प्रयोगात माझा सगळ्यात जास्त भरवसा थंड करायच्या पाण्यावर आहे. मिनिटाला 1 लिटर पाणी वाहतंय आणि 10 अंशांनी तापून बाहेर पडतंय, म्हणजे त्या भागात जवळपास 700 वॉट उतरले. ॲनोडचं (धन इलेक्ट्रोडचं) पाणी वेगळं मोजायचं, कॅथोडचं (ऋण इलेक्ट्रोडचं) वेगळं, बाजूच्या भिंतीचं वेगळं. व्होल्ट गुणिले अँपिअर करून जेवढी शक्ती आत घातली, तिचा हिशेब या नळ्यांतून लागलाच पाहिजे.

सध्या माझा जीव अडकलाय तो भिंतीच्या पाण्यात. कमी दाबाच्या आरगॉन आर्कला अक्षाच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र लावलं, की इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घ्यायला लागतात. क्षेत्र 0.1 टेस्ला आणि इलेक्ट्रॉनांचं तापमान 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक, पण प्लाझ्माचं तापमानही त्यातच सांगतात) असेल, तर गिरकीची त्रिज्या जेमतेम 0.03 मिलिमीटर. रेषेच्या दिशेने इलेक्ट्रॉन मोकळा. आडवं सरकायचं तर कुणाशी तरी टक्कर व्हायला हवी, आणि तेव्हाही तो सरकणार एका गिरकीएवढाच. गिरकीची कोनीय वारंवारता गुणिले दोन टकरींमधला वेळ, हा आकडा 10 झाला की इलेक्ट्रॉनांचं आडवं उष्णतावहन साधारण शंभरपट घटतं. (वातावरणाच्या दाबाला जळणाऱ्या आर्कमध्ये टकरी इतक्या दाट असतात की हा आकडा सहसा 1 च्या खालीच राहतो. तिथे चुंबक आर्कला ढकलतो, फिरवतो, पण उष्णता फारशी अडवत नाही.)

मग क्षेत्र वाढवावं तशी भिंत थंडावत जायला हवी. सुरुवातीला ती थंडावतेही. आर्कचा स्तंभ आखडतो, मधला भाग लख्ख उजळतो. पण भिंतीकडे जाणारी उष्णता हिशेबाबरहुकूम घटत नाही.

हे कोडं जुनं आहे. युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या कामात भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम आणि त्यांचे सहकारी चुंबकीय क्षेत्रातल्या आर्कचा अभ्यास करत होते. प्लाझ्माचं (इलेक्ट्रॉन आणि आयन म्हणजे विद्युतभारित अणू यांच्या वायूचं) आडवं विसरण, म्हणजे पसरत जाणं, क्षेत्राच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटायला हवं होतं. ते नुसत्या क्षेत्राच्या व्यस्त प्रमाणात घटतं, असं त्यांनी मांडलं. हे काम 1949 साली छापून आलं आणि त्यातलं सूत्र पुढे अणुसंलयनाच्या संशोधनात कितीतरी वर्षं धाक घालत राहिलं.

1955 साली अल्बर्ट सायमन यांनी जे दाखवलं ते मला फार मोलाचं वाटतं. इलेक्ट्रॉन बांधलेले असले तरी आरगॉनचे आयन जड. त्याच 0.1 टेस्लात त्यांची गिरकी काही मिलिमीटरची होते, त्यामुळे ते आडवे जाऊन भिंत गाठू शकतात. इलेक्ट्रॉन रेषेवरून सरळ टोकाच्या धातूवर उतरतात. भिंत आणि टोक धातूनेच जोडलेले असल्यामुळे परिपथ बाहेरून पुरा होतो. आयन आणि इलेक्ट्रॉन दोघांनी एकत्र भिंतीकडे निसटायची गरजच उरत नाही! आणि भिंतीवर पोचलेला प्रत्येक आयन तिथे इलेक्ट्रॉन मिळवताना आयनीकरणाची 15.76 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मोकळी करतो. त्यातला बराच भाग भिंतीला, म्हणजे माझ्या पाण्याला मिळतो.

टोकांचा प्रभाव नगण्य असलेल्या लांब नळ्यांत वेगळीच गोष्ट दिसते. लेनर्ट आणि होह यांच्या प्रयोगांत क्षेत्र वाढवल्यावर विसरण आधी घटलं, पण एका मर्यादेपुढे पुन्हा वाढू लागलं. 1960 साली कादोम्त्सेव आणि नेदोस्पासोव यांनी उलगडा केला: त्या मर्यादेपुढे स्तंभ सरळ राहत नाही, मळसूत्रासारखा पीळ घेतो आणि वाढत जाणारा हा पीळच प्लाझ्माला भिंतीकडे लोटतो.

म्हणून भिंतीचं पाणी अपेक्षेपेक्षा जास्त तापलं की लगेच प्लाझ्माचा ‘खळबळाट’ (टर्ब्युलन्स) म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आधी टोकाची चकती भिंतीपासून विद्युतदृष्ट्या तोडून पाहावी. मग परत जोडून त्या जोडातून वाहणारा प्रवाह मोजावा. प्रकाशाच्या सिग्नलमध्ये ठरावीक लयीची थरथर आहे का, तेही तपासावं. आणि आडव्या वहनाचा आकडा छापताना टोकं कशाला जोडली होती हे प्रत्येकाने लिहावं, असा माझा आग्रह आहे. त्याशिवाय दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून काहीच हाती लागत नाही.