एक खुलासा, दोन टेबलं

चार्जर तापून प्लास्टिक वितळल्याचा एका ग्राहकाचा व्हिडिओ सकाळी फिरायला लागला. त्या कंपनीचं सोशल मीडिया आणि पीआर, म्हणजे बातमीदारांशी बोलण्याचं काम, दोन्ही आमच्याच टीमकडे होतं. एरवी ही कामं एकमेकांत मिसळून जातात. त्या दिवशी मात्र तासाभरात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

सोशलच्या टेबलावर आधी थांबवाथांबव सुरू झाली. शेड्यूल केलेल्या पोस्ट रोखल्या आणि चालू जाहिराती बंद केल्या. जाहिरातींचं बऱ्याचदा राहून जातं, कारण त्या वेगळ्या खात्यातून, कधी वेगळ्या एजन्सीकडून चालतात. 'दिवसभर बिनधास्त वापरा' अशी जाहिरात दुपारी झळकली असती, तर लोकांनी तिच्याखालीच तो व्हिडिओ चिकटवला असता आणि पसरवायचे पैसे कंपनीने भरले असते.

पीआरच्या टेबलावर तोवर एका बातमीदाराचा फोन येऊन गेला होता. त्याची डेडलाइन विचारून घेतली, प्रश्न लेखी मागवले. चार्जर कशामुळे तापला ते अजून कळलं नव्हतं, म्हणून चार ओळींचा प्राथमिक खुलासा तयार केला: काय समजलंय, काय तपासतोय, ग्राहकांनी तोवर चार्जर वापरू नये, पुढची माहिती किती वाजता मिळेल. खाली प्रवक्त्याचं नाव, तारीख, वेळ. तांत्रिक विभाग आणि वकील, दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तो बाहेर गेला नाही. बातमीदार त्यातलं कुठलंही एक वाक्य उचलू शकतो आणि छापण्याआधी बातमी दाखवा असं त्याला म्हणता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वाक्य एकटं तोडून वाचायचं. 'दोष किरकोळ असला तरी' असं लिहिलं की मथळ्यात 'दोष असल्याची कबुली' येते, 'किरकोळ' गळून पडतं.

हाच खुलासा कमेंटखाली डकवून भागत नाही. तिथे प्रश्न एकच असतो: माझा चार्जर चालेल का? म्हणून पिन केलेल्या, म्हणजे पानावर सर्वांत वर अडकवलेल्या पोस्टमध्ये चार्जरच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो टाकला, बॅच नंबरभोवती, म्हणजे चार्जर कोणत्या खेपेतला ते सांगणाऱ्या आकड्याभोवती, लाल चौकट केली. उत्तरं दरवेळी थोडी बदलून लिहायची. तेच वाक्य शंभर ठिकाणी दिसलं की लोक 'रोबो बोलतोय' म्हणतात आणि प्लॅटफॉर्मही त्याला स्पॅम समजू शकतो. आधी सगळ्यांना दिसेल असं उत्तर, मग डीएम, म्हणजे खासगी मेसेज. ऑर्डर नंबर आणि फोन नंबर फक्त डीएममध्येच. शिवीगाळ लपवायची, तक्रार मात्र कधीच डिलीट करायची नाही. तिचा स्क्रीनशॉट कुणीतरी आधीच घेतलेला असतो.

दुपारी एका उत्तराचा मसुदा आला: 'कदाचित दुसऱ्या कंपनीची केबल वापरली असावी.' पीआरवाल्या सहकाऱ्याने तो जागीच अडवला. कमेंटमधलं उत्तर हेही कंपनीचं अधिकृत म्हणणंच. 'कंपनीने ग्राहकावर खापर फोडलं' ही बातमी त्यातून आयती तयार होते. उलट पीआरच्या सवयीने सोशलवर सगळं पक्कं होईपर्यंत गप्प बसलं, तर ती जागा अफवा भरून काढतात. २००९ मध्ये अमेरिकेत डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांचा किळसवाणा व्हिडिओ यूट्यूबवर पसरला, तेव्हा तिथल्या अध्यक्षांनी माफीही यूट्यूबवरच मागितली. व्हिडिओ जिथे पसरला तिथेच उत्तर, हे बरोबर होतं. फक्त ते यायला साधारण दोन दिवस गेले.

संध्याकाळचे अहवालही वेगळे. सोशलचा डॅशबोर्ड पोहोच आणि कमेंटचा सूर दाखवतो, पण 'वा, काय सेवा आहे!' या टोमण्यालाही तो कौतुकात मोजतो, त्यामुळे सूर माणसानेच वाचावा लागतो. पीआरच्या तक्त्यात प्रत्येक बातमीचा मथळा, आपला खुलासा आला की नाही आणि तथ्याची चूक, एवढंच. एका बातमीत चुकीचं मॉडेल छापलं होतं. योग्य मॉडेलचं नाव आणि फोटो पाठवून दुरुस्ती मागितली. मथळा बोचरा होता, पण खोटा नव्हता, म्हणून त्याबद्दल काही लिहिलं नाही.

पिन केलेली पोस्ट बदली चार्जर वाटून होईपर्यंत तशीच ठेवली. जाहिराती त्यानंतर सुरू केल्या, एकेक करून, आणि चार्जरची सर्वांत शेवटी.